शिल्लक एकतीस टक्के

पाकळी पडायला तयार नव्हती.

लवूकाकांनी ती पाण्यात बुडवून धोंड्यावर चिकटवली, त्याला पंचवीस मिनिटं झाली होती. हे मला नेमकं सांगता येतं, कारण तेवढ्या वेळात माझ्या मनगटावरचा आकडा तीसवरून बावीसवर आला होता.

"काका, अजून किती वेळ लागेल?"

"देव आयकता हा गो बाय. घाई करू नको."

शुभदाताई माझ्याकडे बघून हसल्या. त्या किंजळवाडीच्या सरपंच. पदर कमरेला खोचून, अनवाणी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन सकाळी आठपासून आमच्याबरोबर चालत होत्या. "मॅडम, त्या घड्याळाकडे सारखं बघू नका. पाकळी लाजते."

मी हसले नाही.

किंजळवाडीची देवराई म्हणजे चार किलोमीटर परिघाचं जुनं रान. तिच्या सीमेवर नऊ धोंडे आहेत. सीमा चालायची तर पहिल्या धोंड्यापासून निघायचं, प्रत्येक धोंड्यापाशी गाऱ्हाणं घालायचं, कौल लावायचा, आणि पाकळी उजवीकडे पडली की पुढे जायचं. डावीकडे पडली तर पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा पाकळी. लवू गुरव हे काम चाळीस वर्षं करत होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील करायचे.

सोमवारी तालुक्याच्या गावी सुनावणी होती. नव्या रस्त्याची आखणी देवराईच्या उत्तर कडेने जात होती. कागदावर देवराई म्हणजे एक गोल हिरवा ठिपका होता. सीमा नेमकी कुठे, हे कोणी कधी मोजलंच नव्हतं. आधीच्या बैठकीत सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी शुभदाताईंना स्पष्ट सांगितलं होतं, अक्षांश-रेखांशांसकट नकाशा आणा, आम्ही रस्ता सरकवतो. नुसतं सांगण्यावर सरकवणार नाही. आणि सीमेत बसायला हवा होता तो मुख्यतः सातवा धोंडा. तिथे झरा आहे. खालच्या वाडीतली तीस घरं मे अखेरपर्यंत त्याचं पाणी पितात.

मी तेव्हा तीस वर्षांची होते. दोन वर्षं या देवराईतल्या झाडांवर संशोधन करत होते, म्हणून नकाशाचं काम माझ्याकडे आलं. आमच्या संस्थेचं मोजणीचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. मोबाइल देवराईत नेता येत नाही. कोणीतरी आतले फोटो काढून वर्तमानपत्रात दिले, तेव्हापासून गावाने बंदी घातलेली. उरलं होतं माझ्या धाकट्या बहिणीचं, ऋताचं, धावण्याचं घड्याळ. त्यात जीपीएस होतं. गावाच्या बैठकीत शुभदाताईंनी विचारलं, "घड्याळ चालेल ना?" तेव्हा एक म्हातारे म्हणाले, "घड्याळाक कोण नको म्हणता? येळ तर बघूक होयो." असा प्रश्न सुटला होता.

अखेर पाकळी उजवीकडे पडली.

"होय म्हाराजा!" शुभदाताई म्हणाल्या. आम्ही सातव्या धोंड्याकडे निघालो. शंभर पावलंही गेलो नसू, घड्याळ मनगटावर एकदा थरथरलं आणि त्याचा पडदा काळा झाला. बावीस टक्क्यांवरून एकदम शून्य. जुन्या बॅटरीचं असं होतं हे मला माहीत होतं. ते त्या दिवशीच होईल, हे धरलं नव्हतं.

मी बटणं दाबली. धरून ठेवली. पुन्हा दाबली.

"मेला?" लवूकाकांनी विचारलं.

"मेलं."

"मगे आता?"

"उद्या इथूनच पुढे जाऊ. सहा ते नऊ. दोन तुकडे जोडून टाकते."

लवूकाकांनी मान हलवली. "फेरो मधीच जोडूचो नसता. पयल्या धोंड्यापासून."

"काका, नुसतं मोजायचंय. फेरा नाही."

"गाऱ्हाणा घातलंय मां? मगे तो फेरोच."

मी शुभदाताईंकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं की यात त्याही काही करू शकणार नाहीत.

*

शाळेच्या ज्या खोलीत मी उतरले होते तिथे गेल्या गेल्या घड्याळ चार्जिंगला लावलं. दोनच्या सुमाराला. साडेतीनला वळवाचं वारं सुटलं, कुठेतरी फांदी तारांवर पडली आणि वीज गेली. घड्याळ अठ्ठावन्न टक्क्यांवर थांबलं. लॅपटॉपमधून थोडी वीज देता आली असती, पण त्याची बॅटरी आदल्या दिवशीच संपलेली. सकाळच्या फेऱ्याची नोंद उघडून बघितली. तिच्यात फक्त तारीख होती. घड्याळ बंद पडताना सगळा माग पुसला गेला होता. चार तास, सहा धोंडे, सहा कौल.

सड्यावर, गावामागच्या कातळपठारावर, एका ठिकाणी मोबाइलला रेंज यायची. तिथे उभं राहून मी ऋताला फोन लावला.

"ताई, काय काय बंद केलंयस?"

"पडद्याचा उजेड. हृदयाचे ठोके. फोनशी जोडणी. सूचना, आवाज, थरथर सगळं."

"ठोकेपण बंद? मग तू जिवंत आहेस हे त्याला कसं कळणार?"

"ऋता, मी थट्टेच्या मूडमध्ये नाही. चार तासांत मेलं ते."

"तीन वर्षांचं आहे गं ते. नवीन होतं तेव्हा आठ तास चालायचं. बरं, किती वेळ चालायला हवंय?"

"साडेपाच तास. अठ्ठावन्न टक्क्यांत."

"मग अल्ट्रा मोड लाव. त्यात ते मधेमधे झोपतं. दोन मिनिटांनी एकदा उठतं, जागा टिपतं, पुन्हा झोपतं. बॅटरी तिप्पट पुरते. मोठ्या शर्यतीत आम्ही तेच लावतो."

"चुका?"

"वळणावळणाच्या वाटेवर अंतर थोडं कमी दाखवतं. दोन-चार टक्के."

"मला अंतर नकोय. सीमा हवी आहे."

"मग झालं तर. आणि ताई, जेव काहीतरी."

मी खोलीवर येऊन वहीत हिशेब मांडला. मला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. परीघ चार हजार मीटर. फेऱ्याला वेळ साडेपाच तास, म्हणजे तीनशे तीस मिनिटं. मिनिटाला बारा मीटर. दोन मिनिटांनी एक बिंदू, म्हणजे चोवीस मीटरला एक. एकशे पासष्ट बिंदू. एवढ्या मोठ्या रानाला ते भरपूर झाले. आकडेमोड दोनदा तपासली. बरोबर होती.

*

शनिवारी आठला पुन्हा पहिला धोंडा. लवूकाकांनी आदल्या दिवसाइतक्याच सावकाश गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, काल तुजी लेकरां तुजी सीमा चलाक इली, ता अर्ध्यार ऱ्हवला..."

"होय म्हाराजा."

"...त्येंच्या हातात कसला ता घड्याळ आसा, ताच मधी मेला म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" शुभदाताईंनी तोंडाला पदर लावला.

"...तर आज त्येका आयुष्य दी, आणि ह्या बायक वायच शांती दी म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

मला राग आला होता. काकांचा नाही, कोणाचाच नाही, सगळ्याचाच. तिसऱ्या धोंड्यावर पाकळी डावीकडे पडली. पुन्हा पाणी, पुन्हा गाऱ्हाणं. मी अनवाणी पायांतले काटे काढत बसले आणि न बघायचं ठरवूनही घड्याळाकडे बघत राहिले. एकावन्न. पन्नास. आकडे माझ्या हिशेबाप्रमाणेच उतरत होते. पण काल बावीसवरून शून्य झालं होतं. आज ते पस्तीसवरून होणार नाही कशावरून? जुन्या बॅटरीवर भरवसा कुठपर्यंत ठेवायचा, हे मला कोणत्याही सूत्रात सापडत नव्हतं.

चौथ्या धोंड्यापासून मी त्यांना घाई करायला लागले. गाऱ्हाणं थोडक्यात घाला ना काका. पाणी कमी लावा ना, पाकळी लवकर सुटेल.

"पाणी कमी लावन देवाक फसवतंस?"

"फसवत नाही. वेळ वाचवते."

"कोणाचो?"

मी घड्याळ बघितलं.

सहाव्या धोंड्यावर आकडा अडतीस होता. पाकळी एकदाची पडली आणि आम्ही उत्तरेच्या कडेला आलो. इथे रानाची एक जीभ सड्यावर बाहेर येते. साठ मीटर लांब, वीसेक मीटर रुंद, आणि तिच्या टोकाला झरा. झऱ्यावर शेवाळलेला सातवा धोंडा. जिभेच्या एका कडेने जायचं, धोंड्याला वळसा घालायचा, दुसऱ्या कडेने परत यायचं. कातळावरून वाट मोकळी होती. इतका वेळ रानातून अडखळत आल्यावर मला ती मोकळी वाट बघून बरं वाटलं.

काकांनी झऱ्याकाठी बसायला पंचा झटकला.

"काका, इथे बसायचं नाही."

"म्हणजे?"

"हात जोडा आणि चला. सहाव्यावर पाऊण तास गेला. काल इथपर्यंतसुद्धा आलो नव्हतो. आता हे बंद पडलं तर उद्या तिसऱ्यांदा, आणि परवा सुनावणी. वीज अजून आलेली नाही. कशाने चार्ज करू?"

"पाण्याचो धोंडो हा बाय. हडे नाय थांबाचा तर खंय थांबाचा?"

"ह्याच्यासाठीच तर चाललंय सगळं!" माझा आवाज चढला. "हा झरा वाचायला हवा ना? मग बॅटरी संपायच्या आत मला नवव्यापर्यंत न्या. नंतर दिवसभर बसा."

काकांनी शुभदाताईंकडे बघितलं. शुभदाताईंनी क्षणभर माझ्याकडे, मग धोंड्याकडे बघितलं.

"लवूकाका, चला," त्या म्हणाल्या. "देव समजून घेईल."

काकांनी पंचा खांद्यावर टाकला, वाकून धोंड्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. ओंजळभर पाणीही प्यायले नाहीत. आम्ही जवळजवळ पळतच परत आलो. जिभेत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत जेमतेम दोन मिनिटं लागली असतील. मला फार हलकं वाटलं.

नववा धोंडा झाला, पहिल्यापाशी फेरा पुरा झाला. एकच्या सुमाराला. घड्याळ चालू होतं. मी नोंद जतन केली आणि पडद्यावरचा आकडा शुभदाताईंना दाखवला. एकतीस टक्के.

"एवढी उरली?"

"एवढी उरली."

"मग पाच मिनिटं बसलो असतो की पाण्याशी," त्या सहज म्हणाल्या, आणि तांब्या उचलून चालू लागल्या.

रविवारी वीज आली. मी माग लॅपटॉपवर उतरवला. रेघ बंद झाली होती, कुठे गुंता नव्हता, कडा साफ होत्या. माग नेहमी थरथरता येतो. हा इतका स्वच्छ आला म्हणून मी खूश झाले. क्षेत्रफळ काढलं, नकाशा छापून घेतला, खाली सही केली.

*

सुनावणीचे साहेब सभ्य होते. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, रस्त्याच्या आखणीचा पारदर्शक कागद त्यावर ठेवला आणि मान हलवली. "उत्तम काम आहे, मॅडम. असं काही असलं की आम्हालाही निर्णय घेता येतो. रस्ता या कडेपासून बारा मीटर बाहेर घेऊ. देवराईला धक्का नाही."

शुभदाताईंनी निःश्वास सोडला. लवूकाका आतापर्यंत दाराशी उभे होते, धुतलेला सदरा घालून. ते पुढे आले.

"बघू काय?"

"बघा की आजोबा."

काकांना नकाशा वाचता येत नव्हता. पण पहिला धोंडा देवळाच्या खुणेपाशी होता, तो त्यांनी ओळखला. तिथे बोट ठेवलं आणि रेघेवरून सरकवत निघाले. सावकाश, जसे चालायचे तसे. "ह्यो पयलो. हडे कोनो आसा, दुसरो. ह्यो तिसरो." प्रत्येक कोपऱ्यावर बोट थांबत होतं. एकही कोपरा चुकला नाही. "पाचवो. सवो." मग बोट सरळ रेघेवरून घसरत पुढे गेलं आणि पुढच्या कोपऱ्यावर थांबलं.

"ह्यो आठवो."

ते मागे आले. पुन्हा सहाव्यावरून निघाले. पुन्हा आठव्यावर पोचले.

"बाय, सातवो खंय?"

मी नकाशाकडे बघितलं. उत्तरेची कड पट्टीने मारल्यासारखी सरळ होती.

"आमी गेलंव मां थंय?"

"गेलो होतो, काका."

"मगे?"

साहेबांनी चष्मा वर केला. "काय झालं?"

मला ते त्याच क्षणी कळलं. सगळं एकदम. मिनिटाला बारा मीटर आम्ही कधी चाललोच नव्हतो. धोंड्यापाशी अर्धा अर्धा तास शून्य मीटर होतो आणि मधल्या वाटेवर साठ-सत्तर. मी दोन्हींची सरासरी काढली होती. जिथे पाकळीची वाट बघत बसलो, तिथे घड्याळाने एकाच जागी दहा-दहा बिंदू टिपले. म्हणून ते आठ कोपरे काकांच्या बोटाला बिनचूक लागले. जिथे बसू दिलं नाही, तिथे आम्ही येऊन गेलो तेव्हा घड्याळ झोपलेलं होतं.

"एक कोपरा राहिलाय," मी म्हणाले. "इथे साठ मीटर लांबीची जीभ आहे. टोकाला झरा आहे. नोंदीत आलेली नाही."

"यंत्रात बिघाड होता?"

"नाही. यंत्र बरोबर आहे. चूक माझी आहे."

"मग बाकीचे कोपरेसुद्धा..."

"ते बरोबर आहेत. तिथे आम्ही थांबलो होतो."

"इथे का नाही थांबलात?"

"बॅटरी वाचवायला."

साहेबांनी पारदर्शक कागद उचलून पुन्हा नकाशावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "मॅडम, हे मी कागदावर कसं लिहू? तुमच्या सहीचा नकाशा आहे. यात झरा बाहेर आहे. तुम्ही म्हणता नकाशा बरोबर, फक्त इथे चूक. मी सगळा नकाशा बाद केला तर रस्ता मूळ आखणीवर जाईल, रानाची अख्खी कड जाईल. ठेवला तर झरा जाईल. सांगा, काय करू?"

"तुम्ही स्वतः बघायला या," शुभदाताई म्हणाल्या. "आज या."

"काम पंधरा तारखेला सुरू होतंय, ताई. आज मला अजून सहा सुनावण्या आहेत. झऱ्यासाठी वेगळा अर्ज करा, मी पुढे पाठवतो. नकाशाचं बोला. ठेवू की बाद करू?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. काकांनाही मी काय म्हणते ते ऐकायचं होतं. कौल लावायला तिथे काही नव्हतं.

"ठेवा," मी म्हणाले.

अर्ज आम्ही त्याच दुपारी लिहिला. तो पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि मोजणीला माणूस आला तोपर्यंत जिभेवर जांभ्याच्या दगडांचा भराव पडला होता.

परत येताना जीपमध्ये काका फक्त एकदा बोलले. "एकतीस म्हणजे किती गो, बाय?"

"शंभरातले एकतीस."

"म्हणजे बरीच होती."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

*

याला अकरा वर्षं झाली. मी अजून सीमा चालते. कोकणातल्या चौतीस देवरायांचे नकाशे केले. आता घड्याळ माझं स्वतःचं आहे, सगळे उपग्रह चालू ठेवून दोन दिवस पुरतं. तरी प्रत्येक कोपऱ्यावर मी पंधरा मिनिटं बसते. विद्यार्थी कंटाळतात.

गेल्या वैशाखात किंजळवाडीला गेले होते. काकांची कंबर आता वाकली आहे, तरी फेरा तेच घालतात. सहाव्या धोंड्यावरून आम्ही उत्तर कडेला आलो. रस्ता काळा कुळकुळीत, कडेला मोरी, मोरीखाली पावसाळ्यात थोडं पाणी असतं म्हणे. तेव्हा नव्हतं. खालच्या वाडीत आता टँकर येतो.

मला वाटलं काका सरळ पुढे जातील. ते मोरीच्या कठड्यापाशी थांबले. पंचा झटकला. तांब्यातलं पाणी घेऊन पाकळी भिजवली आणि सिमेंटच्या कठड्यावर लावली. गाऱ्हाणं घातलं, अख्खं. एक ट्रक भोंगा वाजवत गेला.

ऊन कडक होतं. पाणी सुकलं आणि पाकळी सिमेंटला घट्ट बसली. ती पडणार नव्हती, हे मला दिसत होतं. काकांनाही दिसत असणार.

त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं.

"बॅटरी आसा मां?"

"आहे, काका."

"मगे बस."

मी कठड्याजवळ खाली बसले.